मेलच्या तळाशी असलेली बारीक ओळ

ठाण्याच्या एखाद्या मॉलमध्ये साधा शर्ट घेतला, तरी बिल करण्याआधी काउंटरवर मोबाईल नंबर आणि ई-मेल विचारतात. मागे रांग असते, आपण सांगून मोकळे होतो. मग वर्षानुवर्षे त्या दुकानाच्या मेल येतात आणि आपण चिडतो ते मेलवर. माझे म्हणणे असे की हा राग चुकीच्या जागी निघतो. जाहिरातीच्या नकोशा मेल रोखणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. कायद्याने आपल्याला हक्क दिला आहे तो आपल्या पत्त्यावर, आणि भांडायचे तर तिथे.

नकोसे फोन रोखण्यासाठीच्या १९०९ या क्रमांकावर नोंदणी केली की सुटलो, असा पुष्कळांचा समज असतो. पण दूरसंचार नियामक ट्रायचे २०१८ चे विनियम फोन आणि एसएमएसपुरते आहेत, मेल त्यांत येत नाही. मेलचा उल्लेख असलेले एक कलम होते आणि ते गेले त्याचे मूळ आपल्याच ठाणे जिल्ह्यात सापडते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ प्रमाणे त्रास देण्यासाठी किंवा पाठवणाऱ्याबद्दल दिशाभूल करण्यासाठी धाडलेली मेल हाही गुन्हा होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, तेव्हा हेच कलम लावले गेले. पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. त्यानंतर श्रेया सिंघल या कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम अख्खे रद्द झाले. मेलबद्दलचा भागही त्याबरोबर गेला. त्याची हळहळ करू नये. ‘त्रास’ या शब्दाला माप नसते, आणि असा सैल शब्द पोलिसांच्या हाती देणे म्हणजे ढेकणांना कंटाळून घर पेटवणे.

२०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा वेगळ्या वाटेने जातो. मेल त्रासदायक आहे का, हे तो विचारत नाही. पत्ता वापरायला संमती होती का, एवढेच विचारतो. संमती स्पष्ट कृतीने दिलेली हवी, म्हणजे फॉर्मवर आधीच केलेली टिकची खूण पुरणार नाही. ती मागणारा मजकूर मराठीतही मिळाला पाहिजे. आणि दिली तितक्याच सहजतेने ती परत घेता आली पाहिजे. आता मेलच्या तळाशी पाहा. फिकट राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरांत ‘अनसबस्क्राइब’. दाबले की लॉग-इन, पासवर्ड, वर ‘का जाताय?’ अशी चौकशी. द्यायला पाच सेकंद, काढायला पाच पायऱ्या. जीमेलने २०२४ पासून रोज पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकची सोय सक्तीची केली. सरकारच्या आधी एका खासगी कंपनीने हे करावे, हे आपल्याला फारसे शोभणारे नाही. कायद्यातही उणीव आहेच. पन्नास कोटींपर्यंतचा दंड सरकारजमा होतो, ज्याचा पत्ता वापरला त्याला छदामही नाही.

कोणी म्हणेल, डिलीट करायला कितीसा वेळ लागतो? पण घोडबंदर रोडच्या किंवा कल्याण-शीळ रोडच्या फ्लॅटची मेल नुसती डिलीट करण्याजोगी नसते. घरखरेदीदारांसाठीच्या रेरा कायद्यात तीही जाहिरातच, आणि तिच्यातल्या खोट्या दाव्यावर विसंबून पैसे भरले तर भरपाई मागता येते. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांवर रेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. मेलमधला नुसता नोंदणी क्रमांक पाहून बुकिंग करू नये आणि केलेच, तर ती मेल जपून ठेवावी. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: डोंबिवलीत घरून मसाले विकणाऱ्या बाईने जाहिरात करायची कशी? विचारून करायची. ज्या शंभर जणींनी आपणहून पत्ता दिला, त्या तिची मेल उघडतील. विकत घेतलेल्या यादीतले दहा हजार तिला स्पॅममध्ये ढकलतील. अनसबस्क्राइब दाबले की पाठवणाऱ्याला पत्ता चालू असल्याचे कळते, ही भीतीही अर्धी खरी आहे. ओळखीच्या दुकानाच्या मेलवर ते दाबावे, अनोळखी मेल न उघडता स्पॅम म्हणून कळवावी.

माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण संमतीच्या तरतुदी लागू व्हायला मे २०२७ उजाडेल. तोवर काउंटरवर एवढे विचारा: ई-मेल कशाला हवा? बिल त्याच्याशिवायही निघते.