कॉम्प्युटरची झाडलोट, जरा जपून

कॉम्प्युटर हळू चालायला लागला तर काय करावं, यावर बोला, असं आकाशवाणी केंद्रानं मला सुचवलं. विषय मोठा आहे. मी त्यातलं एकच घेतो. ‘एका क्लिकमध्ये कचरा साफ’ म्हणणारी सॉफ्टवेअर, आणि त्यांच्यामुळे शिकणाऱ्या मुलांची बंद पडणारी साधनं.

आपल्या जिल्ह्यात, धाराशिवला, उमरग्याला, कळंबला, मुलंमुली घरच्या लॅपटॉपवर जावा, पायथन शिकतात. लॅपटॉप एक आणि वापरणारे चौघं. कुणीतरी जाहिरात बघून सफाईचं सॉफ्टवेअर टाकतं. इतके जीबी कचरा निघाला म्हणून सगळे खूश होतात. संध्याकाळी ताई प्रोजेक्ट उघडते, तर ते चालत नाही. घटस्थापनेआधी घर झाडायला परका माणूस लावला, तर धूळ बसलेलं बियाण्याचं गाडगंही तो उकिरड्यावर नेईल. आत काय आहे, ते घरच्यालाच ठाऊक असतं.

हे सॉफ्टवेअर कचरा ओळखतं कशावरून? फाइलच्या नावावरून, तारखेवरून, आणि सारखी दिसणारी दुसरी फाइल आहे का, यावरून. ती फाइल कोणाच्या उपयोगाची आहे, हे त्याला नेहमी कळतंच असं नाही.

माझ्या जिव्हाळ्याचं उदाहरण सांगतो. विंडोजमधली प्रोग्रॅमची यादी उघडा. ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’ हे लांबलचक नाव पाच-सहा वेळा दिसेल. कुठे २००८, कुठे २०१०, कुठे २०१३. बघणाऱ्याला वाटतं, एकच गोष्ट इतक्यांदा कशाला? नवी ठेवू, जुन्या काढू. नाही, ती एकच गोष्ट नाही! प्रत्येक म्हणजे प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या फाइलींचा वेगळा संच. २०१० च्या साधनांनी बनवलेला प्रोग्रॅम २०१० चाच संच मागतो, त्याला २०१३ चा चालत नाही. संच काढला की अमुक डीएलएल फाइल सापडत नाही, असा संदेश येतो आणि प्रोग्रॅम उघडतच नाही. वर्षं बघून काहीही काढू नका. पुन्हा सांगतो, वर्षं बघून काढू नका.

सारख्या फाइली शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचंही असंच. नोड जेएसवर काम करणाऱ्याच्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये त्याच लायब्ररींच्या प्रती असतात. एक ठेवून बाकी उडवल्या की बाकीचे प्रोजेक्ट बसले. पायथनची व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे एकेका प्रोजेक्टसाठी केलेली वेगळी मांडणी, मूळ पायथनवर अवलंबून असते. मूळ ‘जुनं’ म्हणून काढलं, की त्यावरची सगळी एकदम थांबतात.

आता कॅश, म्हणजे पुन्हा लागतील म्हणून प्रोग्रॅमनं साठवून ठेवलेल्या फाइली. ‘कॅश म्हणजे कचरा’ हे डोक्यातून काढा. अँड्रॉइड स्टुडिओ ग्रेडल नावाच्या साधनातर्फे लायब्ररी एकदा उतरवून घेतं आणि एका फोल्डरमध्ये जपून ठेवतं. ते फोल्डर पुसलं तर प्रोजेक्ट कायमचा मोडत नाही, पण सगळं पुन्हा उतरवावं लागतं. रोजच्या ठरलेल्या डेटावर, गावाकडच्या रेंजवर, ऐन परीक्षेच्या आदल्या दिवशी! विंडोजच्या स्वतःच्या डिस्क क्लीनअपमध्येही २०१८ अखेरच्या आवृत्तीत ‘डाउनलोड्स’ फोल्डर पुसण्याचा पर्याय आला होता. मुलं सेटअपच्या फाइली नेमक्या तिथेच ठेवतात.

इथे थोडं रागावतो. आपण समोरचं वाचत नाही. ‘नेक्स्ट, नेक्स्ट, ओके’ दाबत सुटतो. पुसण्याआधी बहुतेक सॉफ्टवेअर यादी दाखवतं, ती वाचायला दोन मिनिटं लागतात. वाचा.

रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करणाऱ्या साधनांबद्दल सविस्तर बोलायचं होतं, पण घड्याळ पुढे गेलंय. एवढंच सांगतो, अशा साधनांना आपला पाठिंबा नाही, असं मायक्रोसॉफ्टनंच जाहीर केलेलं आहे. आणि २०१७ मध्ये सीक्लीनर या सफाईच्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक प्रोग्रॅम घुसवला होता. ती आवृत्ती सुमारे २२ लाख ७० हजार कॉम्प्युटरवर पोचली होती.

जागा हवी असेल तर आधी जुने व्हिडिओ, सिनेमे पेन ड्राइव्हवर हलवा. खरी जागा बहुधा तेच खातात. कोणतं साधन टाकलं, कोणती आवृत्ती, कोणत्या फोल्डरमध्ये, हे एका वहीत लिहून ठेवा. आणि पालकांनो, घरात कुणी प्रोग्रॅमिंग शिकत असेल, तर लॅपटॉप साफ करण्याआधी त्या मुलाला, त्या मुलीला एकदा विचारा.