परक्या घरांतला पहारेकरी



इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेही माणसाला दिवसापेक्षां रात्रीची धास्ती अधिक वाटते, आणि ती निष्कारण नसते. जागेपणीं साखर उतरूं लागली तर हात कांपतात, घाम सुटतो, भुकेनें जीव कासावीस होतो. माणूस दोन चमचे साखर तोंडांत टाकतो आणि सांवरतो. झोपेंत या खुणा उमगत नाहींत. पुष्कळ वर्षें इन्शुलिन घेतलेल्या कांहीं जणांच्या बाबतींत तर त्या दिवसाही बोथट होऊन जातात. शंभर मिलिलिटर रक्तांत साखर ७० मिलिग्रॅमच्या खालीं गेली कीं सावध व्हावें, ५४ च्या खालीं गेली कीं प्रसंग गंभीर समजावा, असा आजचा वैद्यकीय संकेत आहे. त्याहून उतरत गेल्यास झटके, बेशुद्धि आणि क्वचित् मृत्यूही ओढवतो.

या भीतीवर गेल्या पाव शतकांत एक खरोखर चांगला उपाय निघाला. दंडावर किंवा पोटावर रुपयाएवढी एक चकती चिकटवावयाची. तिच्यांतून केंसासारखी बारीक तार कातडीखालीं जाते आणि पेशींभोंवतालच्या द्रवांतील साखर अखंड मोजीत राहते. तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज नांवाचें एन्झाइम असतें. साखरेशीं त्याची क्रिया झाली कीं सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि त्या प्रवाहावरून आंकडा काढतां येतो. अशा मोजणीची मूळ कल्पना लेलँड क्लार्क यांनीं १९६२ सालीं मांडली होती. हा आंकडा प्रत्यक्ष रक्तामागून कांहीं मिनिटांनीं येतो खरा. पण तो दर मिनिटाला, किंवा दर पांच मिनिटांनीं येतो, आणि साखर मर्यादेखालीं उतरतांच घंटा वाजते. दिवसांतून चार वेळां बोट टोंचून घेणाऱ्याला याचें मोल सांगावयास नको.

परंतु ही घंटा वाजते कोठें? माझा आजचा विषय एवढाच आहे.

आरंभीं ती एका स्वतंत्र डबीवजा यंत्रांत वाजत असे. त्याला रिसीव्हर म्हणतात. त्या डबीला दुसरें काम नव्हतें; पण तिचा आवाज जवळच्यालाच ऐकूं येई. २०१३ सालीं अमेरिकेंत जॉन कॉस्टिक नांवाच्या एका संगणकतज्ज्ञ पित्यानें, आपला मधुमेही लहान मुलगा घराबाहेर असतां त्याचा आंकडा आपल्याला दिसावा म्हणून, डबींतील माहिती इंटरनेटवर पाठविण्याची युक्ति केली. इतर पालकांनीं ती उचलून धरली. कंपन्याही त्याच दिशेला वळल्या होत्या. डेक्सकॉमच्या जी-५ या सेन्सरला २०१५ सालीं तेथें मान्यता मिळाली, आणि चकती ब्लूटूथनें थेट फोनशीं बोलूं लागली. वेगळी डबी बाळगण्याची गरज उरली नाहीं. सोय मोठी झाली, यांत शंका नाहीं.

मात्र त्या दिवसापासून पहारेकरी दुसऱ्याच्या वाड्यांत पोटभाडेकरू म्हणून राहूं लागला. फोन कांहीं मधुमेह्यासाठीं केलेला नाहीं. तो बोलण्यासाठीं, पैसे देण्यासाठीं, गाणीं ऐकण्यासाठीं आणि सिनेमे पाहण्यासाठीं केलेला आहे. त्याच्या मालकाला, म्हणजे तो घडविणाऱ्या कंपनीला, बॅटरी दिवसभर टिकावी याची काळजी अधिक. म्हणून बराच वेळ न उघडलेलें ॲप तो गुपचूप झोपवून टाकतो. अँड्रॉइड फोनांत ही खोड कंपनीगणिक निराळी असते, आणि ती बंद करण्याची कळ प्रत्येकानें निराळ्याच कोपऱ्यांत लपविलेली असते! जें ॲप रात्रभर जागावें म्हणून घेतलें, तेंच मध्यरात्रीं निजतें. आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

दुसरी अडचण आवृत्तीची. फोनची कार्यप्रणालि दरवर्षीं बदलते. सेन्सरच्या कंपनीला आपलें ॲप प्रत्येक नव्या आवृत्तीवर तपासून पाहावें लागतें, आणि कोणत्या फोनवर कोणती आवृत्ति चालेल याची यादी ती प्रसिद्ध करते. २०२३ सालीं ॲपलची आयओएस १७ ही प्रणालि यावयाची होती, तेव्हां ॲबट कंपनीनें आपल्या लिब्रे सेन्सरच्या ग्राहकांना कळविलें कीं, आपोआप होणारे बदल बंद ठेवा. नव्या प्रणालींतील ‘स्टँडबाय’ या सोयीमुळें धोक्याच्या घंटेवर परिणाम होऊं शकेल. ग्राहकानें अशी पत्रें वाचावींत ही अपेक्षा रास्त असेल. पण किती जण वाचतात?

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. घरांत नवा फोन येतो तो कमावत्या मुलाकडे किंवा कॉलेजांतल्या नातीकडे. जुना उतरत उतरत आजोबांच्या हातीं येतो. मधुमेह बहुधा आजोबांनाच असतो. त्या फोनला नवी आवृत्ति मिळावयाची बंद झालेली असते, आणि ॲप त्याला ओळखही देत नाहीं. म्हणजे फोन फार नवा असला तरी धोका, फार जुना असला तरी नकार. आणि मधली सुरक्षित पट्टी दरवर्षीं सरकत राहते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें ५ फेब्रुवारी २०२५ रोजीं या बाबतींत जाहीर इशारा दिला. घंटा चालू आहे अशा समजुतींत असलेल्या लोकांना ती ऐकूंच आली नाहीं, असे अहवाल त्या कचेरीकडे आले होते. साखर धोकादायक उतरणें किंवा चढणें, आणि मृत्यूसुद्धां, यांना तें कारणीभूत झालें असावें, असें तिनें म्हटलें. कारणें पाहिलीं तर किती क्षुल्लक! फोनला नवें कर्णयंत्र जोडलें, मोटारींतल्या ध्वनियंत्राशीं जोडला, ‘व्यत्यय नको’ ही कळ दाबली गेली. घंटा वाजली असेलही, पण उशाशीं नव्हे, टेबलावर पडलेल्या कर्णयंत्रांत!

मला यांतली सर्वांत भयंकर गोष्ट वाटते ती शांतता. साखर ठीक असली तरी फोन गप्प असतो, आणि घंटा बंद पडली असली तरीही गप्पच. आई शेजारच्या खोलींत निर्धास्त निजते, ती त्या गप्प फोनावर विसंबून. संपर्क तुटल्याची वर्दीही द्यावयाची ती त्याच फोनानें.

स्वतंत्र डबी तरी निर्दोष आहे काय? नाहीं. डेक्सकॉमच्या रिसीव्हरांतील घंटाही कधीं कधीं वाजत नसल्याचें आढळल्यानें २०१६ सालीं ते परत मागवावे लागले होते. तरीही ज्याच्या सेन्सराला अशी डबी मिळते, त्यानें रात्रीं तीच उशाशीं ठेवावी, असें माझें मत आहे. आणि भार सगळा रोग्यावर टाकणें मला न्यायाचें वाटत नाहीं. फोन करणाऱ्यानें नवी आवृत्ति पाठवितांना, या फोनवर असें एक ॲप आहे कीं ज्याच्यावर कोणाचा जीव अवलंबून आहे, हें ओळखून थांबावें, एवढी सोय त्याला अशक्य नाहीं. ॲपलनें २०१८ पासून कांहीं निवडक ॲपांना, फोन मुका केलेला असतांही आवाज करण्याची परवानगी दिली आहेच.

तोंवर काय करावें? आपोआप बदल होऊं देऊं नये. नवा फोन घेण्यापूर्वीं दुकानदाराच्या शब्दावर न जातां कंपनीची यादी पाहावी. बोट टोंचून तपासण्याचें जुनें यंत्र आणि त्याच्या पट्ट्या घरांत असूं द्याव्या. आणि फोनांत कांहींही बदल झाला, निदान महिना उलटला, कीं घंटेची परीक्षा घ्यावी. जेवणानंतर साखर चढत असतां वरची मर्यादा जरा खालीं आणून ठेवावी. आंकडा ती ओलांडील तेव्हां फोन रोजच्या जागीं, रोजच्यासारखा झांकलेला ठेवून, दुसऱ्या खोलींतून आवाज ऐकूं येतो का तें घरांतल्या दुसऱ्या कोणीतरी ऐकावें. मग मर्यादा पुन्हां पूर्ववत् करावयास विसरूं नये.