सातवीनंतरची पायरी

(नव्या शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



जूनच्या मध्यास राज्यातील शाळा उघडतात. विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. पाठ्यपुस्तके, गणवेश, पटनोंदणी यांची तयारी आपण दरवर्षी निष्ठेने करतो. मुलांच्या मनाची तयारी मात्र बहुधा राहून जाते.

आपल्या अनेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच असते. आठवीसाठी मुलांना शेजारच्या मोठ्या गावी जावे लागते. सकाळची एस.टी., प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक, अनोळखी सोबती, आणि त्याच वयात शरीरात व मनात चाललेली उलथापालथ! घरी कोरकू वा गोंडी बोलणाऱ्या मुलाला तर वर्गात तोंड उघडण्याचाही संकोच वाटतो. असे मूल तक्रार करीत नाही. ते मागच्या बाकावर बसते, पोट दुखते म्हणून घरी राहते आणि श्रावण संपेतो हजेरीपटावर त्याच्या गैरहजेरीच्या खुणा वाढलेल्या असतात. आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो. पुष्कळदा ते घाबरलेले असते.

धीर सरावाने येतो

जागतिक आरोग्य संघटनेने मांडलेल्या दहा जीवनकौशल्यांत समस्येची उकल, भावना आणि ताण यांना तोंड देणे, यांचा समावेश आहे. ही कौशल्ये उपदेशाने अंगी बाणत नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची खेड्यांतील मुले एकत्र राहत आणि स्वतःची कामे स्वतः करीत. परक्या गावी उभे राहण्याचे शिक्षण ते हेच.

आपणांसही पुष्कळ करता येईल. सातवीच्या मुलांना उन्हाळी सुटीपूर्वी एक दिवस नव्या शाळेत न्यावे. वर्ग, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, एस.टी.चा थांबा त्यांनी डोळ्यांनी पाहावा. आपल्याच गावचा नववीतील एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी प्रत्येकास सोबती म्हणून द्यावी. पहिल्या पंधरवड्यात वर्गशिक्षकांनी प्रत्येकाचे नाव पाठ करावे आणि ‘अडचण आली तर तू कोणाकडे जाशील?’ असे विचारावे. ज्याला एकही नाव सांगता येत नाही, त्याच्याकडे प्रथम लक्ष द्यावे. गणित अडले, तर नेमके काय अडले, कोणाला विचारावयाचे आणि उद्या काय करावयाचे, हे तीन प्रश्न वहीत लिहिण्याची सवय लावावी.

पंचायतीचे काम

एस.टी.ची वेळ शाळेच्या वेळेशी जुळते की नाही, हे पंचायत सदस्यांनी पाहावे. ग्रामीण मुलींना मिळणारा मोफत पास पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हाती पडावा. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ अन्वये शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापकांनी तत्काळ द्यावयाचा असतो. दाखल्यास उशीर झाला म्हणून आठवीचा प्रवेश नाकारता येत नाही. हे पालकांना सांगावे.

एखादे मूल झोपत नसेल, जेवत नसेल, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलत असेल, तर त्याला रागावू नये, एकटे सोडू नये. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक शाळेच्या फलकावर असावा.

जून महिन्यात विचारलेला आपुलकीचा एक प्रश्न एखाद्या मुलीचे शिक्षण वाचवू शकतो. यंदा तो आपण प्रत्येकीला, प्रत्येकाला विचारू या.