सीमेवरचे गाव नांदते राहिले पाहिजे



राजौरी हा नियंत्रण रेषेला लागून असलेला जिल्हा. राजौरी शहराजवळचे ढांगरी हे त्यातील एक लहानसे गाव. १ जानेवारी २०२३ च्या संध्याकाळी सशस्त्र दहशतवादी तेथे शिरले आणि त्यांनी हिंदूंच्या घरांवर गोळीबार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी शोकाकुल ग्रामस्थ जमलेले असतानाच, पेरून ठेवलेल्या स्फोटकांचा स्फोट झाला. त्यात दोन बालके गेली. एका जखमीने पुढे रुग्णालयात प्राण सोडले. एकूण बळी सात.

त्या दुसऱ्या स्फोटाचा हेतू नीट समजून घ्या. शेजाऱ्याच्या घरी सांत्वनाला जाण्याचीही धास्ती वाटावी आणि अखेर एकेका घराला कुलूप लागावे, हा तो हेतू. १९९० मध्ये काश्मीर खोऱ्यातील बहुसंख्य पंडित कुटुंबे अशाच दहशतीने देशोधडीला लागली.

राजौरीने याहूनही भीषण दिवस पाहिले आहेत. नोव्हेंबर १९४७ मध्ये, ऐन दिवाळीत, आक्रमकांनी तेथे हिंदू-शिखांची भयंकर कत्तल केली. एप्रिल १९४८ मध्ये आपली सेना नौशेराहून राजौरीकडे निघाली, तेव्हा सुरुंग आणि अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट मोकळी करून देणारे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे आपल्या शेजारच्या कारवारचे होते. या पराक्रमासाठी त्यांना परमवीरचक्र मिळाले. सेनेने राजौरी मुक्त केले. ते पुन्हा वसवले मात्र सामान्य माणसांनी.

ढांगरीतही एका ग्रामस्थाने आपली जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल चालवली, म्हणून हल्लेखोर पळाले, असे गावकरी सांगतात. जम्मू विभागात ग्रामसुरक्षा समित्या १९९५ मध्ये सुरू झाल्या. २०२२ मध्ये त्यांची पुनर्रचना झाली. ढांगरीच्या घटनेनंतर केंद्रीय राखीव पोलीस दलाने ग्रामरक्षकांना प्रशिक्षण दिले. हे आवश्यकच होते. परंतु केवळ बंदुकीच्या बळावर गाव नांदत नाही. शाळा उघडी हवी, दवाखाना जवळ हवा, तरुणांच्या हाताला काम हवे आणि अपराध्यांना शिक्षा झालेली दिसायला हवी.

आपले कर्तव्य कोणते? वृत्तपत्रांतून ढांगरीचे नाव ओसरले, तरी आपल्या स्मरणातून ते ओसरू नये. त्या भागातील मुले आपल्या शहरांत शिकायला आली, तर त्यांच्यासाठी आपल्या पंगतीत एक पान वाढलेले असावे. जे गाव भीतीवर मात करून आपल्या जागी उभे राहते, ते देशाची सीमा राखते. त्याला एकटे पडू न देणे आपल्या हाती आहे.

वंदे मातरम्!