गंज, चुंबक आणि आपली नवी-जुनी गाडी

(वार्षिक हितचिंतक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गाडीबद्दल बोला, असे समितीने मला सांगितले. वसतिगृहातल्या मुलांबद्दल बोलायला सांगितले असते, तर माझे काम सोपे झाले असते. मुलांचे फोटो दाखवता येतात. गाडीचा फोटो पाहून कोणाचे मन भरून येत नाही. पण तुमच्या अर्पणातले ५ लाख ५ हजार रुपये त्या गाडीत गेले आहेत. ते कसे गेले, हे तुम्हाला कळलेच पाहिजे.

जुनी जीप तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. काही जण तिच्यातून जव्हारहून मोखाड्याला, खोडाळ्याला आलेही आहेत आणि उतरल्यावर कंबर धरून उभे राहिले आहेत. अठरा वर्षे ती चालली. पंधरा वर्षे भरल्यावर आरटीओत तपासणी होऊन तिची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून मिळाली होती, म्हणजे कागदावर ती आणखी दोन वर्षे चालली असती. इंजिनही शेवटपर्यंत ठणठणीत होते. त्यामुळे "चालती गाडी का काढली?" हा प्रश्न मला आजवर किमान वीस जणांनी विचारला आहे.

पत्र्यामुळे काढली. आपल्या भागातला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. पाड्यावरचा लाल चिखल चाकांनी उडतो आणि चॅसीच्या पोकळ पट्ट्यांत जाऊन बसतो. पाणी निथळून जायला खाली भोके ठेवलेली असतात, ती या चिखलाने बुजतात. मग दिवाळी आली तरी आतली माती ओलीच असते आणि लोखंड आतून कुजत राहते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो आतून रंगाला ढकलतो आणि वर फोड येतो. वर नखाएवढा फोड दिसला, तर खाली तळहाताएवढा पत्रा गेलेला असतो.

आमचा मेकॅनिक आपल्याच वसतिगृहात शिकलेला वारली मुलगा आहे. आयटीआय करून त्याने जव्हारला गॅरेज टाकले. गेल्या पावसाळ्यानंतर त्याने जीप वर उचलली आणि चॅसीवर हातोडी हलकेच वाजवली. चांगले लोखंड टणटणते. इथे भिजलेल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज आला. मागच्या बाकाखाली बोट घातले, तर बोट आरपार. त्या बाकावर शाळेची मुले बसत होती. मी विचारले, "पत्रा मारून वेल्डिंग केलं तर?" तो म्हणाला, "सर, वेल्डिंग धरायला खाली लोखंड तर पाहिजे ना. नुसतं जळून भोक मोठं होईल."

तेव्हा गाडी बदलायचे ठरले. नवी घ्यायची तर दहा लाखांच्या वर जात होते आणि तेवढ्यासाठी वसतिगृहाच्या छताचे काम थांबवावे लागले असते. म्हणून वापरलेली, पण नीट सांभाळलेली बोलेरो शोधायची, असे समितीने ठरवले. ती चॅसीवर बांधलेली, उंच, डिझेलवर चालणारी गाडी आहे आणि तिचे सुटे भाग जव्हारच्या बाजारात मिळतात. आडरानात हा शेवटचा गुण सगळ्यात मोठा.

पहिली गाडी समुद्रकाठच्या एका गावात पाहिली. आरशासारखी चकाकत होती. मेकॅनिकने खिशातून लोहचुंबक काढून दाराच्या खालच्या कडेला लावला आणि तो खाली पडला. पत्रा सडला की त्यावर लांबी भरून वर रंग मारतात. लांबीला चुंबक चिकटत नाही. "सर, ही गाडी नाही, ही लांबी आहे," एवढेच तो बोलला आणि आम्ही एस.टी.ने परत आलो. खाऱ्या हवेतली गाडी आता बघायची नाही, हे मी त्या प्रवासातच ठरवले.

मग घाट चढून कोरड्या मुलखात गेलो. संगमनेरजवळ एका निवृत्त मुख्याध्यापकांची सात वर्षे वापरलेली गाडी होती. मी आदल्या दिवशी फोनवर विनंती केली होती, की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. थंड इंजिन लबाडी करत नाही. आधीच तापवून ठेवलेले काहीही लपवू शकते. गुरुजींनी खरेच चावी फिरवली नव्हती. बॉनेट गार होते. पहिल्या चावीला सुरू झाली, धूर नाही. इंजिन चालू ठेवून तेलाचे झाकण उघडून पाहिले, तिथूनही दम मारत नव्हती. चारी टायर सारखे झिजलेले. पायाखालची मॅट उचलली, तर खाली ओल नाही आणि पत्र्यावर कंपनीचाच रंग. चॅसी नंबर आरसी बुकाशी ताडून घेतला. हातोडी वाजवली. टणटण.

पण गाडी पसंत पडली ती वहीमुळे. गुरुजींनी शाळेच्या हजेरीपटासारख्या वहीत सगळे लिहून ठेवले होते. ऑइल कधी बदलले, किती किलोमीटरला, क्लच प्लेट कधी, बॅटरी कधी, मागे पाटा कधी तुटला. प्रत्येक नोंदीमागे पावती टाचलेली. मला गाडीतले फार कळत नाही, माणसांतले थोडेफार कळते. ती वही चाळताना किमतीवर घासाघीस करण्याची माझी इच्छा कमी कमी होत गेली. त्यांनी सव्वापाच सांगितले होते. गाडी कशासाठी हवी, हे ऐकल्यावर आपणहून वीस हजार कमी केले. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० त्यांनी भरून, सह्या करून आधीच तयार ठेवले होते. विमाही आपल्या संस्थेच्या नावावर झाला आहे.

आता जुन्या जीपचे. इथे काही हितचिंतकांचे माझ्याशी मतभेद आहेत आणि ते उघडपणे मांडले, तर बरे. भंगारात तिचे जे आले, त्याच्या जवळजवळ दुप्पट रक्कम देणारा एक गृहस्थ भेटला होता. तो तिला खालून पत्रा ठोकून, वरून रंग मारून प्रवासी वाहतुकीला लावणार होता. आपल्या भागात अशा जीपमध्ये पंधरा-पंधरा माणसे कोंबलेली मी रोज पाहतो. बाजारचा दिवस असला की मागच्या पायरीवरही चार लोंबकळतात. ती माणसे आपल्याच पाड्यांवरची असतात. आपल्या मुलांना ज्या बाकावर बसवायला आपण घाबरलो, तोच बाक रंगवून त्यांच्या आईबापांना विकायचा, हे मला जमण्यासारखे नव्हते. समितीतही यावर दोन तास चर्चा झाली. दानाच्या पैशात तोटा का करायचा, हा प्रश्न चुकीचा नव्हता. अखेर जीप अधिकृत भंगार केंद्राला दिली आणि तिची नोंदणी रद्द करून घेतली. ती पुन्हा रस्त्यावर दिसणार नाही.

नव्या गाडीची पाटी एमएच १७ आहे. एकाच राज्यात मालक बदलला तरी नंबर तोच राहतो, त्यामुळे पाड्यावरची पोरे तिला "सतरावाली" म्हणतात. पाटी पांढरी आहे, म्हणून कोणाकडून भाडे घेता येत नाही आणि घेणारही नाही. ड्रायव्हर धरून सात जण, आठवा नाही. बाजारच्या दिवशी हे पाळताना ड्रायव्हरकाकांना शिव्या खाव्या लागतात. एकशेआठची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत येते. तिथपर्यंत झोळीतून आणलेल्या माणसाला पुढे नेण्याचा प्रश्न नसतो. आपली गाडी त्याच्या अलीकडच्या कच्च्या वाटेसाठी आहे. शिवाय जव्हारच्या सरकारी रुग्णालयातून बाळंतिणीला बाळासह घरी पोचवायचे, सुटीनंतर मुलांना वसतिगृहात आणायचे, धान्याची पोती आणायची, ही कामे रोजचीच.

पावसाळा संपला की तिला वर उचलून खालून धुवायचे आणि चॅसीची भोके तारेने मोकळी करायची, असे ठरले आहे. दरवर्षीचा हा खर्च लहान आहे, पण तो अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा, अशी माझी खजिनदारांना विनंती आहे.

गाडी बाहेर चिंचेखाली उभी आहे. चहानंतर ज्यांना पाहायची असेल त्यांनी पाहावी, वाकून खालूनही पाहावी. गुरुजींची वही पुढच्या कप्प्यात आहे; तिच्यातल्या शेवटच्या तीन नोंदी आमच्या हातच्या आहेत.