सपाट कागदांसाठीं बिजागरीची पेटी

जुनी हस्तलिखित पोथी शेवटच्या पानापर्यंत उलगडणाऱ्यास तेथें पुष्कळदां एक विनवणी आढळते. ग्रंथाच्या विषयाशीं तिचा कांहीं संबंध नसतो. पोथी उतरून काढणाऱ्या लेखकानें ती पोथीच्याच तोंडीं घातलेली असते. तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हातीं देऊं नका, एवढाच तिचा आशय. ज्यानें महिनेच्या महिने बोरू झिजविला, त्याला आपल्या श्रमाचे शत्रु कोण हें पक्कें ठाऊक होतें. सपाट कागद ठेवण्याची पेटी कशी असावी हा आजच्या भाषणाचा विषय; आणि त्याला या चार कलमांहून चांगली कसोटी मिळणें कठीण.

पोथी ठेवण्याची जुनी रीत साधी होती. लांबट, सुटीं पानें. वर एक व खालीं एक लांकडी फळी. त्यांभोंवतीं सुती बासन आणि त्यावर दोरीचे घट्ट वेढे. फळ्यांमुळें पान वांकत नसे. बासनामुळें धूळ आंत शिरत नसे, आणि पावसाळ्यांतील ओल आधीं कापड शोषून घेई. किडीसाठीं आंत वेखंडाचा तुकडा टाकीत. १९१७ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत २८,००० हून अधिक हस्तलिखितें आहेत. अशीं हस्तलिखितें पिढ्यान्‌पिढ्या टिकलीं तीं फळ्यांच्या व बासनांच्या आधारानें. पेशवे दप्तरांतील कागद चौकोनी कापडांत बांधीत. त्या गाठोड्यांना रुमाल हेंच नांव पडलें. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत त्या दप्तरांतून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध केले.

परंतु पोथीचीं सारीं पानें एका मापाचीं असतात. घरांतील कागदांचें तसें नसतें. सदाशिव किंवा कसबा पेठेंतील एखाद्या जुन्या घराचें कपाट उघडावें. जुन्नरी कागदावरचीं मोडी पत्रें, मुद्रांकाच्या कागदावरील खरेदीखत, जागेचा नकाशा, विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १८७८ सालीं काढलेल्या चित्रशाळेचें एखादें रंगीत शिळाछाप चित्र, शाळेचा दाखला, पुठ्ठ्यावर चिकटविलेलें आजीचें छायाचित्र, असा संसार तेथें सांपडेल. बहुधा नकाशा गुंडाळून नळींत गेलेला असतो, खत चौघडी करून पाकिटांत असतें, छायाचित्रें प्लॅस्टिकच्या पिशवींत असतात. हें सर्व पत्र्याच्या ट्रंकेंत आणि ट्रंक पलंगाखालीं.

याचा परिणाम एकाएकीं दिसत नाहीं. गुंडाळलेला कागद पुष्कळ वर्षांनीं उलगडूं गेलें तर तडकतो. घडी केलेला कागद घडीवर तुटतो. आणि खरेदीखताची घडी चतुःसीमेच्या ओळीवर पडली असली, तर उत्तरेकडील शेजाऱ्याचें नांव त्या चिरेंत नाहींसें होतें. पुढें दोन घरांत वाद उत्पन्न झाला म्हणजे जो साक्षीदार तो मिटवावयाचा, तोच मुका झालेला असतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं ठिकठिकाणचीं दप्तरें पालथीं घालून १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड प्रसिद्ध केले. त्या साधनांपूर्वीं कोणीतरी तो कागद घरांत जपला होता, हें विसरतां कामा नये. सांपडणाऱ्याचें नांव ग्रंथावर येतें. राखणाऱ्याचें येत नाहीं.

पेटीचा पहिला नियम असा कीं, पेटी कागदाच्या मापानें करावी. कागद पेटीच्या मापानें दुमडूं नये. दुसरा नियम असा कीं, पेटी उघडल्यावर कागद ओढावा किंवा उचकटावा लागूं नये. हा दुसरा नियम पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. खणांत ठेवलेला मोठा ताव खण सरकवितांना वरच्या फळीला घासतो. सुट्या झांकणाच्या खोल पेटींत कागद उचलण्यासाठीं कडेनें बोटें खुपसावीं लागतात, आणि कागद प्रथम कोंपऱ्यावरच फाटतो. बिजागरीची पेटी दोन्ही दोष टाळूं शकते. मात्र तिचें झांकण नुसतें वर न उठतां पूर्ण मागें पडून मेजावर सपाट टेकलें पाहिजे.

अशा पेटीचा एक प्रसिद्ध नमुना डॅनियल सोलँडर याच्या नांवानें ओळखला जातो. हा स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ, लिनीयसचा शिष्य. १७६८ ते १७७१ या काळांत कॅप्टन कुक याच्या पहिल्या सफरीवर तो होता, आणि लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें त्यानें काम केलें. नमुने व टिपणें ठेवण्यासाठीं त्यानें पुस्तकाप्रमाणें उघडणारी पेटी योजिली. मोठमोठ्या चित्रसंग्रहांत आजहि त्याच जातीच्या पेट्या वापरतात. आपल्याकडील पोथीच्या दोन फळ्यांना एका बाजूनें पाठ जोडावी व उरलेल्या तीन बाजूंना भिंती उभाराव्या, म्हणजे जवळजवळ हीच पेटी तयार होते.

तिची रचना पुस्तकबांधणीच्या कोणाहि कारागिराला समजेल अशी आहे. पुठ्ठ्याचीं दोन उथळ तबकें, एक किंचित्‌ लहान व एक किंचित्‌ मोठें, आणि दोहोंना जोडणारी पाठ, एवढे तीन भाग. प्रत्येक तबकाला तीनच भिंती; पाठीकडील बाजू मोकळी. लहान तबकांत कागद राहतात, मोठें तबक त्यावर उपडें बसतें. मिटल्यावर तीन बाजूंना भिंत दुहेरी होते व चौथ्या बाजूला पाठ उभी राहते. उघडल्यावर पाठ खालीं पडते आणि सर्व पेटी एका पातळींत येते.

मापें अशीं धरावीं. घरांतील सर्वांत मोठा ताव ५० सेंटिमीटर लांब व ३५ सेंटिमीटर रुंद आहे असें समजूं. लांबीच्या दोन्ही टोकांस ६ मिलिमीटर मोकळी जागा सोडली तर लहान तबकाची आंतील लांबी ५१२ मिलिमीटर होते. पुठ्ठा ३ मिलिमीटर जाड घेतला तर बाहेरील लांबी ५१८, आणि वर कापड चढल्यावर सुमारें ५२०. मोठ्या तबकाची आंतील लांबी यावरून ५२३ ठेवावी. याहून कमी ठेवली तर पावसाळ्यांत पेटी अडकते. फार अधिक ठेवली तर धूळ व किडा यांना वाट होते. लहान तबकाची खोली ३० मिलिमीटर पुरे. मध्यम जाडीचे दोनशे ताव तींत बसतात, आणि या मापाच्या तितक्या कागदाचें वजन साडेतीन किलोच्या आसपास भरतें. याहून खोल पेटी केली तर तळचा कागद दडपतो व उचलणाराचा हात अवघडतो. कागद अधिक असतील तर पेट्या दोन कराव्या.

बिजागरी लांब बाजूस असावी, आंखूड बाजूस नव्हे. लांब बाजूस जोड मोठा मिळतो व झांकणाची झेप लहान होते. म्हणून ताण कमी पडतो. पुठ्ठ्याच्या पेटीला कापडाची बिजागरी योग्य. घट्ट विणीचें सुती कापड आंतून व बाहेरून असें दुहेरी लावावें. लांकडी पेटी करावयाची तर रविवार पेठेंतील बोहरी आळींत मिळतात तशा पितळी बिजागऱ्या आणि पितळी स्क्रू घ्यावे. लोखंड पावसाळ्यांत गंजतें, आणि गंजाचा डाग कागदावर पडला म्हणजे निघत नाहीं.

आतां त्या चार कलमांकडे वळतां येईल. पहिलें तेल. येथें तेल म्हणजे समईचें किंवा केसांचेंच नव्हे. सागवान टिकाऊ खरें, पण त्या लांकडांतच तेलाचा अंश असतो. बांधणीच्या स्वस्त पिवळ्या पुठ्ठ्यांत आम्ल असतें. कारागीर खळींत किडीसाठीं मोरचूद घालतात, तेंहि कागदाला लागूं देणें बरें नव्हे. म्हणून पेटी कशाचीहि असो, कागदाला आंतून स्पर्श व्हावा तो चिंध्यांपासून केलेल्या हातकागदाचा. पुण्यांत शिवाजीनगर भागांत १९४० पासून हातकागदाची संस्था आहे; असा कागद मिळविण्यासाठीं फार लांब जावें लागत नाहीं. तयार पेटी खळ पूर्ण वाळेपर्यंत, निदान पंधरवडाभर, उघडी ठेवावी आणि मगच भरावी.

दुसरें पाणी. मोडी पत्रांची शाई काजळाची. ती उन्हानें उडत नाहीं, पण पाण्यानें विरघळते. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्या मागोमाग खडकवासल्याचेंहि फुटलें, आणि नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें. अशा पुरापुढें कोणतीहि पेटी टिकाव धरणार नाहीं. परंतु पेटी जमिनीवर ठेवावी कीं वरच्या मजल्यावर, हा निर्णय मालकाच्या हातांतला आहे. ती कधींहि भुईवर नसावी, बाहेरच्या भिंतीला टेकलेली नसावी आणि छपराच्या अगदीं खालींहि नसावी. पाण्याच्या भीतीनें कागद हवाबंद डब्यांत किंवा प्लॅस्टिकमध्यें कोंडणें हा दुसरा प्रमाद होय. आंत अडकलेली ओल बाहेर पडत नाहीं, आणि बुरशीला तेवढेंच हवें असतें. कापड व पुठ्ठा यांची पेटी ओल हळूहळू घेते आणि हळूहळू सोडते. बासनाचा गुण तो हाच.

तिसरें सैल बांधणी. अर्धी रिकामी पेटी ही सैल बांधलेली पोथीच होय. पेटी हलली कीं कागद आंत सरकतात, कडा भिंतीवर आपटतात व झिजतात. म्हणून मोठे ताव तळाशीं ठेवावे. लहान कागद हातकागदाच्या घडींत घालावे, घडी तबकाच्या मापाची करावी आणि वर उरलेली पोकळी कोऱ्या कागदांनीं भरून काढावी. दाब हाताच्या तळव्याइतका असावा, कातडें आवळल्यासारखा नसावा. बाहेरून रुंद सुती फीत बांधावी. रबराचीं वेढणीं कालांतरानें चिकट होतात व वितळून बसतात.

चौथें कलम मूर्खाच्या हाताचें. हा हात नेहमीं परक्याचा असतो असें नाहीं. बहुतेक वेळां तो घरच्याच शहाण्या माणसाचा, पण घाईंत असलेला असतो. कचेरींत दाखला आजच हवा असतो. रिक्षा दारांत उभी असते. आणि एका कागदासाठीं पन्नास कागद उपसले जातात. पेटीची खरी परीक्षा त्या वेळीं होते. झांकणाच्या आंतल्या बाजूस कागदांची क्रमवार यादी लावलेली असली तर उपसण्याचें कारण उरत नाहीं. पाठीवर नांव लिहिलेलें असलें तर चुकीची पेटी उघडली जात नाहीं. पाठ सपाट पडलेली असली तर ताव दोन्ही हातांनीं तिच्यावरून सरकवून घेतां येतो. पाहिलेले कागद शेजारच्या रिकाम्या तबकांत उलटून ठेवीत गेलें, तर पोथीच्या वाचलेल्या पानांप्रमाणें क्रम बिघडत नाहीं. ज्या कागदांची वरचेवर गरज पडते त्यांच्या नकला काढून त्या निराळ्या ठेवाव्या, म्हणजे मूळ कागदाला वर्षभर हात लागत नाहीं. शहाण्यानें सावकाश उघडली तर कोणतीहि पेटी चांगलीच ठरते. घाईच्या हातानेंहि जिच्यांत कागद फाटत नाहीं, ती पेटी चांगली केलेली म्हणावी.

एवढें करूनहि पेटी म्हणजे तिजोरी नव्हे. ती वर्षांतून दोनदां उघडावी लागते. एकदां मृगाच्या आधीं, हवा कोरडी असतांना. आणि एकदां पाऊस ओसरल्यावर, कसर किंवा बुरशी लागली काय हें पाहण्यासाठीं. दसऱ्याला घरोघर सरस्वतीपूजन होतें, ग्रंथ पाटावर मांडले जातात. त्या निमित्तानें ही पेटीहि बाहेर काढावी, घरांतील मुलांना बोलावून एकेक कागद कशाचा तें सांगावें, आणि यादींत राहिलेलें भरून घ्यावें. हळदकुंकू वाहावयाचें तें पेटीच्या झांकणावर वाहावें, आंतल्या कागदांवर नव्हे. कागद कोणाचा व कशासाठीं राखला हें ज्या मुलाला ठाऊक आहे, त्याच्या हातीं पेटी गेली म्हणजे पोथीच्या लेखकाची चौथी विनवणीहि पाळली गेली असें होईल.