आत्याचा आवाज



मी बंगळुरूच्या इंदिरानगरात राहतो. सैन्यात सिग्नल्समध्ये होतो. मातृभाषा मराठी, पण घराणं तंजावरचं. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे बंगळुरूच्या जहागिरीतून तंजावरला गेले आणि तिथे भोसल्यांचं राज्य उभं राहिलं. १८५५ साली ते संपलं. आमच्यासारखी कुटुंबं तिथेच राहिली आणि घरात मराठीच बोलत राहिली. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला, तो आजही तिथे आहे. आमची घरातली बोली मात्र तोंडातोंडीच टिकली. तिच्यात तमिळ शब्द मिसळले, चालही तिकडचीच आली.

बेळगावला असताना जवान विचारायचे, “साहेब, ही मराठी कुठली?” विचारायचे ते कौतुकानं, पण मला लाज वाटायची. मी पुस्तकी मराठी शिकलो आणि मुलाशी इंग्रजीत बोललो. चूक माझीच.

निवृत्तीनंतर ठरवलं, जुन्या माणसांचे आवाज रेकॉर्ड करायचे. यादीत पहिलं नाव आत्याचं, वय ९१. लग्नातली गाणी, स्वयंपाकघरातले शब्द, सगळं तिला पाठ. मी चांगला माइक मागवला आणि तो येईपर्यंत थांबलो. तीन आठवडे. माइक आला तेव्हा आत्या नव्हती. खिशातला फोन पुरला असता.

आता आम्ही चार-पाच जण दर रविवारी कुणा ना कुणाच्या घरी जातो. “संस्कृतीबद्दल सांगा” म्हटलं की माणसं भाषण करतात. म्हणून आम्ही थेट स्वयंपाकघरात बसतो. फोडणी पडली की शब्द आपोआप येतात. परतल्यावर ते देवनागरीत अर्थासकट लिहून ठेवतो.

पण सिग्नल्समध्ये एक नियम असतो: समोरून पोच आल्याशिवाय संदेश पोहोचला असं धरायचं नाही. म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंग त्या घरातल्या मुलांना ऐकवतो आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घेतो. गेल्या रविवारी माझ्या नातीनं एका आजींकडे आमच्या बोलीत पाणी मागितलं. चुकीचं मागितलं. आजी खूप हसल्या, तिला नीट म्हणायला लावलं, मगच पाणी दिलं.

तुमची बोली कोणतीही असो, मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला आजच फोन करा. माइकची वाट पाहू नका.

जय हिंद.